पस्तीस टक्क्यांचा पाय

आमी मूळचे खोडदचे, मेंढरंवाले. मी चालायला लागलो आन् वर्षाच्या आत तापानं डावा पाय गेला. गेला म्हंजी हाय जागेवर, पण नुसता लोंबता. आई म्हणायची ह्याला घरी ठेवू, बाप म्हणायचा घरी हाय कोण? खरंच व्हतं ते, दिवाळी झाली की समदं बिऱ्हाड माळशेज उतरून कोकणात. मग बापानं मला काठीवर उभं राहायला शिकवलं. मेंढक्या कसा उभा राहतो बघितलंय का तुमी? काठी काखेत, एक पाय भुईवर, दुसरा त्याच्या गुडघ्याला टेकवलेला, दिसभर. बाकीच्यांना कंचा पाय टेकवू असा इचार तरी पडायचा, मला तेवढा बी न्हाई.

गावात त्या दुर्बिणीच्या, आभाळाकडं तोंड केलेल्या मोठाल्या छत्र्या उभ्या राहिल्या, त्याच सुमाराला माझा उजवा, चांगला पाय कुरकुरायला लागला. मेंढरं विकली. मग काय, भावाच्या घरी खायचं आन् भावजयीच्या तोंडाकडं बघायचं. तवा कुणी सांगितलं, अपंगाला सरकारी पगार मिळतो, तपासणीचं शिबिर हाय जुन्नरला.

शिबिर कसलं, लगीनच ते राव. मांडव, सनई, हार. शिबिर अपंगांचं, पण खुर्च्या समद्या पावण्यांना. एक साहेब भाषणात म्हणाले, अपंगांनी आपल्या पायावर उभं राहावं. आमी उभेच व्हतो, सकाळधरनं.

माझी पाळी आली तवा मी सवयीनं काठीवर टेकलेलो. डाक्टर पोरगेलासाच. बाबा, उभं राहायला त्रास होतो का? आता मेंढक्याला असं इचारल्यावर तो काय सांगल? म्हटलं छ्या, अजून दिसभर राहीन. काम काय करायचात? मेंढरं वळायचो, पार कोकणापतुर. डाक्टर लई खूश, वा बाबा वा म्हणाला, पाय वरखाली करून बघितला आन् दाखल्यावर लिहिलं पस्तीस टक्के.

मला वाटलं, शाळेत पोरं पस्तिसाला पास व्हत्यात, झालं आपलं काम. भावजयीनं त्या दिवशी शिरा केला. कचेरीत गेलो तर कारकून म्हणतो, पगाराला चाळीस लागतात. म्हटलं भाऊ, पाच टक्के पाय आता कुठनं आणू? परत तपासून आणा म्हणाला. परत गेलो, तर दवाखान्यातला म्हणतो, ह्यावर अपंगत्व कायमचं असं लिहिलंय, कायमचं ते परत काय तपासायचं? म्हटलं दुसरा पाय बी गेला की आता. तो म्हणाला, दाखल्यात डाव्याचंच लिहिलंय. काय सांगू तुम्हाला, कचेरी म्हणती बदलून आणा, दवाखाना म्हणतो बदलत न्हाई, आन् दोघं बी म्हणत्यात, बाबा, तुमचं नियमात बसत न्हाई.

ह्यात वर्सं गेली. आता जात न्हाई. भावजय दोन येळला भाकर घालती, तोंड वाकडं करून का व्हईना, देव तिचं भलं करो.

बसा राव तुमी, त्या बाजेवर बसा. मी उभाच बरा. एकदा खाली बसलो का मला उठवायला दोन माणसं लागत्यात. त्या दिवशी मांडवात कुणी एक खुर्ची दिली असती, तर डाक्टरला बी दिसलं असतं.