सात जणींची एकी

पहिल्यांदा खटकलं ते काय, सांगू का मामा? हात. रस्सा उकळला आणि चव बघायला कुणी हातच पुढं केला न्हाय. तुम्हाला वाटंल, त्यात काय एवढं! पण आमच्या गटाची पद्धत हाय ती, आक्कानं लावलेली. आक्का म्हणजे माझी थोरली चुलती, हा स्वयंपाकाचा गट तिनंच उभा केला. रस्सा झाला की सातही जणी पातेल्याभोवती उभ्या राहायच्या, आक्का पळीनं एकेकीच्या तळहातावर दोन थेंब सोडायची, आणि मग जो कालवा व्हायचा! 'मीठ कुठं हाय गं ह्यात?' 'एवढी चटणी? पावण्यांस्नी जेवू घालायचंय का पळवून लावायचंय?' — भांडून भांडून एकमत झालं की मगच पातेलं खाली उतरायचं. आणि गेल्या गुरुवारी मी पळी घेऊन उभी, तर शालूमावशी भिंतीकडं बघत म्हणाल्या, 'तुम्ही बघितलंय न्हवं मॅडम, मग बरोबरच असंल.' मॅडम! जिच्या कडेवर मी वाढले, ती बाई मला — आई गं! काय पडलं? — झाकण व्हय. दचकलेच की मी.

चहा? होतोय की चहा. बसा. अकराला तुमच्या मांडीवर भाच्याचं, ऋतुराजचं जावळ निघणार, एकला पंगत, आत्ता वाजलेत — साडेआठच न्हवं? — तीनशे माणूस, मटण आलंय, कांदा आलाय, चुली मांडल्यात. फक्त बाया... येतील की. फोन लावतेच आहे. शालूमावशी निघाल्या की बाकीच्या मागनं येतात. वाजतोय बघा. वाजतोय, पण उचलत न्हाईत.

न्हाय हो, पगाराचं काही न्हाय. कसं सांगू आता — आक्का गुडघ्यांपायी मलकापूरला लेकीकडं गेली आणि गट माझ्या हातात आला. मी बीबीए केलंय, टीम कशी बांधायची ह्यावर अख्खा पेपर होता आम्हाला. पण कुणी मोठ्यानं बोललं की मी तिथनं पळ काढते, लहानपणापासनं. म्हटलं, ही भांडणं बंद. जिचं जे काय असंल ते मला एकटीला येऊन सांगायचं. आणि ऐकलं बरं का मी सगळ्यांचं! एकेकीला बाजूला घेऊन, चहा पाजून. शालूमावशींना म्हटलं, 'तुमच्यामुळं गट चाललाय, आक्कानंतर तुम्हीच.' खूश झाल्या. मग मोना रुसली — आमच्यातली सगळ्यात तरणी — तिलाबी म्हटलं, 'आक्कानंतर तूच.' मग निर्मला, मग... होय हो, सातही जणींना. असं बघू नका माझ्याकडं. जिच्यासमोर बसायची तिच्याबद्दल मला खरंच तसं वाटायचं. सहा महिने काय शांतता होती! मला वाटलं, हीच एकी.

परवा कांदा चिरता चिरता शालूमावशी बोलून गेल्या, 'आक्कानंतर मीच, असं म्हणालीया ही.' मोना म्हणाली, 'मलाबी हेच म्हणाली की, शब्दाला शब्द!' मग तिसरी, मग चौथी. वाटलं, आता माझ्या झिंज्या उपटतात. तर त्या हसल्या, मामा. पोट धरून हसल्या, विळ्या धुतल्या, जागेवर ठेवल्या आणि गेल्या. आज मोनाच्या स्टेटसला फोटो हाय — हा बघा — सगळ्या शालूमावशींच्या दारात पोहे खातायत. झाली की एकी. मी तेवढी न्हाय त्यात.

मोना कुठाय? ही काय, ह्या टोकाला. आणि मावशी त्या टोकाला. व्हय, लांबच बसल्यात. ते... ते वेगळं हाय. ते अजून कुणाला ठाऊक न्हाय. — चटणीचं माप आजवर मावशींच्या हातात, ते मला मोनाकडं द्यायचं होतं. मावशींची जीभ आता पहिल्यासारखी राहिली न्हाय, वय झालं. पण तोंडावर सांगायचा धीर होईना. म्हणून मी त्यांना म्हटलं, 'मोना म्हणती, म्हातारीला चव कळत न्हाय आता.' मोना कधीच म्हणाली न्हवती. ते माझं मत, तिच्या नावावर खपवलं मी. गुरुवारी रस्सा उकळला, तर मावशींनी नुसता हात मागं घेतला, आणि त्यांचा बघून सगळ्यांनी घेतला. त्या दोघी एका पातेल्याशी उभ्या राहिल्या न्हाईत तर आजचं सोडा, उद्यापासनं गटच न्हाय. आणि मी मेली इथं तुम्हाला सांगत बसले, त्या दोघींना सांगायचं सोडून —

थांबा. उचलला. उचलला! हॅलो, शालूमावशी? मी सुष्मिता — न्हाय, जेवणाचं मागनं बोलू. मामा, तुम्ही जरा बाहेर... न्हाय, राहू दे, बसा तुम्ही. मावशी, मोनाला जवळ बोलवा. आणि फोन स्पीकरवर टाका.