कांदाचाळ लाल करायची होती

आता मीच सांगू? नवनाथनं, माझ्या पोरानं, खाली गेटापाशी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय की आप्पांनी कॉम्प्युटरवर अख्खं गाव रंगवलं, आणि तुम्ही एवढे जिने चढून आलात चहा प्यायला, म्हणजे ऐकायला. मी कुठं पळतोय? गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ह्या सातपूरच्या फ्लॅटात असा पडलोय, लिफ्ट बंद, खाली उतरलो तर वर कोण आणणार... बसा. पण मधे हसायचं नाय.

तुम्हाला सांगतो, माझी सून योगिनी घरूनच काम करते. काम काय, तर ठिपके. विमानातून खाली उजेड मारायचा, लेझर का काय, तो कशाला तरी लागून माघारी जातो, जिथं लागला तिथं एक ठिपका, आणि असे इतके ठिपके की त्याचं गाव होतं. मग त्या ठिपक्यांना रंग द्यायचे. जमीन तपकिरी, झाड हिरवं, बांधकाम लाल. बरंचसं मशीनच देतं, मशीन चुकलं की हिनं निस्तरायचं. शिकली-सवरलेली पोरगी आणि दिवसभर रांगोळी! बोललो एकदा तसं. त्या दिवशी चहात साखर नव्हती.

बरं, घरात खोली एकच गार. कॉम्प्युटर तापतो म्हणून त्याला एसी, आणि त्याच्या जिवावर मला. सकाळपासून एकच भजन, 'आप्पा, हात लावू नका.' अरे, मी नुसता चष्मा पुसला तरी, 'आप्पा, हात लावू नका.'

तर त्या दिवशी हिच्याकडं आलं आमचंच गाव, देवळ्याकडचं. म्हणाली, ओळखा. वरून ओळखायला मी काय घार हाय? मग तिनं ते आडवं केलं, फिरवलं, आणि... विहीर दिसली. बांध दिसला. बांधावर बाजलं, बाजल्यावर उंचवटा. म्हणलं, हा मी! उन्हाळ्यात सकाळचं विमान गेलं तवा मी तिथंच पडलेलो. तर तिनं काय करावं? पुसला मला. नकाशात माणसं ठेवत नाहीत म्हणे. बरं, नका ठेवू.

पण शेजारी माझी कांदाचाळ, ती हिरवी. म्हणजे झुडूप! अहो, चाळीला चारी अंगांनी फटी ठेवाव्याच लागतात, वारं खेळलं नाय तर कांदा सडतो, आणि छपराचं पाचटबी विरळ झालेलं. त्यातनं तो उजेड गेला आरपार, आणि मशीनला वाटलं, झाडोरा हाय.

तुम्ही म्हणाल, तुझं काय अडलं? योगिनीच बोलली की ह्या नकाशावर नवा रस्ता आखणार, लाल दिसलं की वळसा, हिरवं दिसलं की सरळ. म्हणजे चाळ गेली. चाळीच्या एका अंगाला माझी झोपायची जागा. गुडघा वळायला लागला की मला तिथंच जायचंय, का मरेपर्यंत ह्या एसीत बसू? म्हणलं, आत्ता लाल कर. 'करते हो, भात टाकून येते. तोवर आप्पा, हात लावू नका.'

लावला.

बघून बघून येतंच की. चाळीभोवती रेघ ओढली, लाल दाबलं, झाली लाल. लय देखणी दिसत होती. मग हौसेनं गाव फिरवलं, तर चाळीमागची विहीर लाल, त्यामागचा लिंब लाल, विजेच्या तारा, मारुतीचं देऊळ, पार डोंगरापर्यंत लाल पट्टा! मी वेढा घातला समोरून, आणि त्या वेढ्यात मागचं सगळंच आलं. समोरून मागचं दिसतं का, तुम्हीच सांगा! घाबरून म्हणलं बंद करावं, तर त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. हो म्हणलो. कोणी विचारलं तर माणूस हो म्हणतो.

योगिनी आली. ओरडली नाय, हेच वाईट. माझ्या त्या 'हो'नं सगळं लाल तसंच सेव्ह झालेलं, आणि तिकडं हापिसातबी दिसलेलं; तेवढ्यात तिच्या साहेबाचा, रविराजचा फोन. मॅडम, डोंगरावर इमारत कशी? ही म्हणाली, 'सर, माझ्याकडून चुकलं.' माझ्याकडून, म्हणाली. मी शेजारीच बसलेलो, पाठीला एसी, आणि घाम.

मग सकाळपासूनचं सगळं परत. भात तसाच निवला. दिवेलागणीला चाळ झाली लाल, एकटी चाळच, आणि मला दाखवून तिनं नकाशा पाठवून दिला.

लगेच गावाला फोन लावला, मल्हारीला. माझा चुलतभाऊ, शेत तोच बघतो. म्हणलं, चाळ वाचवली रे. तर म्हणतो, 'दादा, कोणती चाळ? ती दसऱ्यालाच मोडली मी. बांबू गोठ्याला लावले. तुमचा गुडघा असा, म्हणलं कशाला कळवा...'

योगिनी म्हणाली, विमान गेलं त्या दिवशी होती ना, मग नकाशात राहणार. झालं! आता रस्ता मोकळ्या मातीला वळसा घालून जाईल, आणि मी गावाला गेलो तर झोपू कुठं, नकाशात? सुनेला मी दुसऱ्या दिवशी 'चुकलं' म्हणून टाकलं, तोंडातल्या तोंडात का होईना. तेच 'चुकलं' एका माणसाच्या तोंडातून अजून निघायचंय... फोन रोज करतो, हवापाणी सांगतो, गुडघा विचारतो, पण तेवढं सोडून बोलतो आमचा मल्हारी.