घटावर लावलेला जांभळा लाइट

रोपांसाठी एलईडी जांभळा घ्यावा की पांढरा, हे मला नका विचारू, आमच्या आईला विचारा.

आमच्या कान्हे गावात यंदा नवरात्र आलं तरी आभाळ उघडायला तयार नव्हतं. माझी मिरचीची रोपं खिडकीत उजेड शोधत नुसती लांब होऊन माना टाकत होती. दुकानदार म्हणाला जांभळा लाइट घ्या, मित्र म्हणाला पांढरा. मी दोन्ही आणले. पण मिरचीला वेळ लागणार, आणि मला उत्तर लगेच हवं होतं. देवघरात घटाभोवती पेरलेलं धान मात्र झटपट वर येतं.

"आई, घटावर लाइट लावू?"

"लाव की. देवीला उजेड झाला तर बरंच हाय."

अर्ध्या धानावर जांभळा लावला, अर्ध्यावर पांढरा. चौथ्या माळेला सकाळी आई ओरडली, "आरं, निम्मं धान काळं पडलं!"

मी धावत जाऊन जांभळा बंद केला. खालचं धान हिरवंगार, बुटकं, दणकट. पांढऱ्याखालचंही तसंच.

"काळं नाही गं. जांभळ्या उजेडात हिरवं काळं दिसतं. म्हणजे पांढराच बरा, रोपाला काय झालंय ते दिसेल तरी. आणि बघ, किती जोमात आलंय!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "हिरवं? दसऱ्याला टोपीत खोचायला पिवळं, लांब धान लागतं. ते अंधारातच येतं रं."

मी पांढराही बंद केला.

"आता जा, त्या दुकानात इचारून ये, अंधार इकत मिळतो का."