विहीणबाईंना फोन

शेजारी झाकण खणकन पडलं, तशी दुपारची शांतता मोडली. भिंतीपलीकडून सासू-सुनेचं बोलणं ऐकू आलं.

“आई, वन्संच्या सासूबाईंनी बाळंतपणाला बोलावलं का?”

“लेकीला मध्ये बोलूच दिलं नाही. मीच स्पॅनिशमध्ये बोलले!”

“अगंबाई! मग?”

“आभार मानायला शिकवणीत शिकले तसं ‘ग्राथिआस’ म्हणाले. त्या हसल्या. त्यांच्याकडे ‘ग्रासिआस’ म्हणतात म्हणे.”

“आणि लिहिलेला ‘ह’ म्हणायचा नसतो, तो गिळलात ना?”

“कुठला! सगळे ठणकावून म्हटले. तरी कळलं त्यांना, मला लेकीजवळ राहायचंय. म्हणाल्या, पहिली आंघोळ तुम्हीच घाला.”

“जिंकलंत, आई!”

“मग! काढ बॅग माळ्यावरून.”

माझ्या मांडीवरच्या लेकीने मान वर केली.

“आई, ते बाळ कुठल्या भाषेत रडणार?”