राखणदारासमोर दिलेला होकार

...चालतात हो, चालतात. चार वर्षांचं मूल तीन किलोमीटर आरामात चालतं, फक्त त्याला ते तीन किलोमीटर आहेत म्हणून सांगायचं नाही, एवढंच. तुम्ही गाडीत बसून ठरवत बसलात – न्यायचं की नाही, न्यायचं की नाही – मी मघापासून बघतो आहे. तुमच्या बाई तिकिटांच्या खिडकीशी उभ्या, तुम्ही इकडे माझ्या बाकावर, आणि पोरं गाडीत एकमेकांचे केस ओढतात. न्या त्यांना. आम्ही आत्ताच उतरून आलो. ती बघा आमची मंडळी, त्या कँटीनमध्ये – टोपीवाला तो माझा मुलगा अनंत, बाजूला सूनबाई तारा, ती दोन वेण्यांची जानकी, सात वर्षांची, आणि टेबलाखाली जो शिरला आहे तो गोपाळ. तो चार वर्षांचा. पूर्ण वाट चाललाय तो. शेवटची शंभर पावलं खांद्यावर होता, पण ती धरायची नाहीत.

एक गोष्ट सांगतो, लक्षात ठेवा – सगळ्यात लहान असेल त्याला सगळ्यात पुढं चालवायचं. मागं राहिलेलं मूल रडतं. पुढं ठेवलं की तेच पुढारी होतं, मागे वळून मोठ्या माणसांना ओरडतं, लवकर चला म्हणून. आणि खायला बिस्किटं नकोत, त्यानं तहान लागते. आम्ही उंडे आणलेले – उंडे म्हणजे आमचा गोल पाव हो, पाठीला कडक असतो तो – त्यात बटाट्याची सुकी भाजी. ताराने पहाटे उठून लॉजच्या स्वयंपाकघरात केली. तिला मी म्हटलं, एवढी कशाला, तर म्हणते, बाबा, जंगलात पोरांना घरचंच लागतं. बरोबर होतं तिचं. गोपाळाने तीन खाल्ले. वर झाडावर शेकरू दिसलं, बरोबरच्या जंगलखात्याच्या गार्डाने बोट करून दाखवलं, एवढी लांब तांबडी शेपूट, तर हा म्हणतो, ही खार आहे, पण हिने खूप उंडे खाल्ले. गार्डसुद्धा हसला. आणि दगड, दगडांवर नजर ठेवा. ह्याने दोन्ही खिशांत दगड भरले, आणि दर वीस पावलांनी चड्डी खाली. वर ओढायची, पुढं जायचं. दगड मात्र टाकायला तयार नाही.

आम्ही पार्श्याचे. पेडणे तालुक्यातलं पार्से – म्हापशाहून वर. नाही, तुम्हाला नाही माहीत असणार, पुण्याची माणसं किनाऱ्याच्या पलीकडे कुठं येतात. नाताळची सुट्टी पोरांना, अनंत म्हणाला, दोन दिवस मोलेच्या जंगलात जाऊ, सगळी एकत्र. एकत्र असं तो म्हणाला आणि मी समजलो. कारण एप्रिलात ते जाणार आहेत. जाणार म्हणजे – फिरायला नाही, राहायला. अनंत औषधाच्या कारखान्यात आहे, कारखाना त्याला वर पाठवतो आहे, बद्दीला. हिमाचलात आहे ते. तुम्ही नाव ऐकलंय? बघा, पुण्याच्या माणसाला माहीत, आणि मला नकाशात शोधायला अर्धा तास लागला. मोठी जागा मिळते आहे त्याला, चांगलं आहे, मी नको म्हणालो नाही. मी फक्त एवढंच म्हणालो की मी येणार नाही. वर्षभर म्हणतो आहे. काजूची झाडं कोण बघणार? बोंडू – काजूची फळं हो – पडायला लागले की रोज जावं लागतं बागेत, एक दिवस चुकला तर माकडं आणि शेजारी, दोघंही असतात. असं मी सांगतो. म्हणजे – झाडं मी दोन वर्षांपूर्वीच शेजारच्या सगुणाला कसायला दिली आहेत, ते वेगळं. पण कारण म्हणून बरं होतं.

खरं कारण विचारताय? विचारलं नाहीत, पण तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. खरं कारण म्हणजे माझी बायको, देवकी, तीन वर्षांपूर्वी गेली, आणि त्यानंतर पार्श्याच्या बाहेर मला झोपच लागत नाही. आणि दुसरं – हसू नका हां – आमच्या देवळात गाऱ्हाणं होतं ना, गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने मागणं, घालणारा माणूस एक असतो, तो म्हणतो, बा देवा म्हाराजा, गावाक बरें ठेव रे म्हाराजा, आणि मागं उभी राहिलेली सगळी माणसं म्हणतात, व्हय म्हाराजा. तर ती मागची माणसं असतात ना, त्यांत सगळ्यात मोठा होकार माझा. चाळीस वर्षं. नदीपलीकडे जातो म्हणतात. परवा एकदा ताप होता म्हणून गेलो नाही, तर गाऱ्हाणं घालणारा स्वतः घरी आला विचारायला. बद्दीला कोण येणार असं? तिथं मी अनंताच्या घरातला एक म्हातारा. दार वाजलं की उघडणारा. मला भीती वाटते त्याची, सरळ सांगतो तुम्हाला, अनंताला नाही सांगितलं अजून.

तर ते राहू दे. चालण्याचं सांगत होतो. गाऱ्हाणं हे चालायला फार उपयोगी – तुमच्या पोरांनाही शिकवा, काही बिघडत नाही. गोपाळ चढावर बसला की मी म्हणायचो, बा देवा म्हाराजा, ह्या गोपाळाच्या पायांक बळ दे रे म्हाराजा. मागून सगळी – व्हय म्हाराजा. की उठला. आधी सूनबाई लाजत होती, नंतर तिचा आवाज सगळ्यात स्पष्ट. मग जानकी घालायला लागली – बा देवा म्हाराजा, बाबाच्या मोबाइलची बॅटरी संपू दे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. अनंतसुद्धा म्हणाला. असं करत करत सगळी चढण संपली, पोरांना कळलंसुद्धा नाही.

आता ऐका. वर माथ्यावर एक दगड आहे, झाडाच्या बुंध्याशी. राखणदार तो, जंगल राखणारा देव. तुम्ही गेलात की दिसेल, गार्ड दाखवेल. तिथं काही ठेवायचं नाही बरं का, नारळ नाही, खाणं नाही, गार्डाने आधीच बजावलं, माकडं येतात. म्हणून आम्ही एकेक हिरवं पान ठेवलं आणि हात जोडले. आता तिथं मोठं गाऱ्हाणं घालायचं. आणि ते जानकीने घालायचं असं मीच ठरवलं होतं. का म्हणजे – लहान मुलाचं देव लवकर ऐकतो. असं मी सगळ्यांना सांगितलं.

आता तुम्हाला सांगायला काय, तुम्ही उद्या पुण्याला. मी तिला काल संध्याकाळी पढवलं होतं. लॉजच्या पडवीत, शेंगदाण्याचा लाडू हातात देऊन. म्हटलं, चेडवा, उद्या राखणदाराकडे असं म्हणायचं – बा देवा म्हाराजा, आमकां सगळ्यांक एका घरात ठेव रे म्हाराजा, पार्श्याच्या घरात ठेव रे म्हाराजा. मग सगळी व्हय म्हाराजा म्हणणार. अनंतसुद्धा म्हणणार, म्हटल्याशिवाय राहणार कसा? आणि राखणदारासमोर एकदा तोंडातून व्हय गेलं की संपलं, मग कारखाना असो की कोणी असो, आमच्यात ते मोडत नाही कोणी. अनंत इंजिनिअर असला तरी पार्श्याचा आहे. लबाडी होती माझी. सात वर्षांच्या पोरीला पुढं करून. मला काल रात्री जरा वाईट वाटलं, पण जरासंच.

तर उभे राहिलो. गार्ड बाजूला, त्यानेही टोपी काढली. जानकीने डोळे मिटले, आवाज लावला – बा देवा म्हाराजा, आमकां सगळ्यांक एका घरात ठेव रे म्हाराजा. बरोबर, अगदी शिकवलं तसं. व्हय म्हाराजा. मी तर छाती भरून घेतली, कारण आता पार्श्याचं येणार, त्या वेळी माझा होकार सगळ्यांत मोठा पाहिजे, अनंताला ओढून घेणारा. आणि ती म्हणते – त्यासाठी आजोबाक आमच्याबरोबर बद्दीक पाठय रे म्हाराजा.

आणि मी ओरडलो ना. व्हय म्हाराजा. चाळीस वर्षांची सवय हो, कान शब्द ऐकतात कुठं, नुसती चाल ऐकतात. तिचं वाक्य संपलं की माझा आवाज सुटतो. समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. मग बघतो तर बाकी कोणी बोललंच नाही. सगळी माझ्याकडे बघतात. एकटा मी म्हटलेलं. राखणदारासमोर, हात जोडून, एवढ्या मोठ्याने. नंतर हळूच सूनबाई म्हणाली, व्हय म्हाराजा. मग गोपाळ म्हणाला. तो गार्डसुद्धा म्हणाला, त्याचा काय संबंध सांगा.

अनंताने तोंड फिरवलं आणि टोपीने चेहरा पुसला. घाम नव्हता, गार होतं वर.

उतरताना मी जानकीला बाजूला घेतलं. म्हटलं, चेडवा, मी हें शिकवलेलं काय? तर म्हणते, आजोबा, तुमी म्हणालात सगळी एका घरात. आमी चार जणां, तुमी एकटे. एकट्याक न्हेवक सोपां. शाळेत गणितात काय शिकवतात कुणास ठाऊक. मी म्हटलं, ते पार्श्याचं विसरलीस काय? म्हणाली, नाही, आठवत होतं. आणि पुढं पळाली.

मी आपला विचार करत आलो सगळी उतरण, की चुकून दिलेला होकार धरतात की नाही. माझ्या मनात नव्हतं ना ते. माझ्या घशात होतं. पण मग मला वाटलं – हे बघा, हे मी कोणाला बोललो नाही – की ओरडल्यावर मला बरं वाटलं. वर्षभर नको नको म्हणून माझा मीच दमलो होतो. आणि माझा होकार ऐकायला तिथं सगळं घर उभं होतं, देवकी सोडून. ती असती तर पहिल्याच दिवशी ट्रंक भरून बसली असती आणि मला म्हणाली असती, तुम्ही या नंतर, माकडं सांभाळून.

गाडीशी आल्यावर अनंताने एवढंच विचारलं, बाबा, थिवी स्टेशनाहून गाडीची पाच तिकिटं काढू? मी म्हटलं, पाय दुखतात रे, जरा बाकावर बसतो. म्हणून इथं बसलो. पाय काही दुखत नाहीत. उत्तर द्यायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता, त्यात तुम्ही येऊन विचारलंत, लहान मुलं चालतील का. बरं झालं आलात. माणसाला बोलून टाकलं की वाट दिसते.

तुमच्या बाई हात करतायत बघा, तिकिटं मिळाली. जा आता, ऊन चढण्याआधी निघा, लहानग्याला पुढं ठेवा, दगड फेकायला लावू नका, तो रडेल. आणि – थांबा, तो बघा, अनंत उठला. दोन चहाचे ग्लास घेऊन इकडेच येतो आहे. लहानपणी असाच यायचा, सांडू नये म्हणून ग्लासाकडे बघत, समोर न बघता. मी काही मोठं बोलणार नाही त्याच्याशी. फक्त विचारणार आहे, तिकडे स्वेटर कितव्या महिन्यापासून लागतो. समजेल तो. उठा तुम्ही, उठा, त्याला बसायला जागा द्या.