होते की गेले?

नेदरलँड्समधल्या न्यूनेनला येऊन मी डच सोडून स्पॅनिश शिकतेय म्हटल्यावर तुम्ही हसणारच. पण शेजारची पिलार स्पेनची आहे, आणि हवामान सोडून माझ्याशी दुसरं काही बोलणारी इथे ती एकटीच.

परवा तिने 'फुई' शिकवलं. म्हणाली, "फुई म्हणजे मी गेले." मी लिहून घेतलं. तर म्हणते, "आणि 'मी होते' हेसुद्धा फुईच."

"मग ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. पुढे गाव आलं तर गेलीस, काम आलं तर होतीस."

मी लगेच वाक्य जुळवलं : मी पुण्यात शिक्षिका होते.

"बरोबर!" पिलार म्हणाली. "म्हणजे ते आता संपलं."

संपलं? मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. निखिल म्हणाला, "भारी की! एका शब्दात दोन कामं." इंजिनिअरशी लग्न केल्यावर आणखी काय ऐकायला मिळणार?

शेवटी आईला फोन लावला. "आई, स्पॅनिशमध्ये होते आणि गेले याला एकच शब्द आहे गं. म्हणजे मी तुमच्याकडे होते, आणि मग मी गेले..."

"गेले काय गेले? शुभ बोल जरा! विमानतळावर आत शिरताना मला काय म्हणालीस?"

"येते म्हणाले."

आई म्हणाली, "हां. त्या 'येते'चा भूतकाळ मला शिकवू नकोस."