चित्रातल्या माणसाची परवानगी

बडनेरा स्टेशनवर गाडी उशिरा होती. बाकावर माझ्या शेजारी कॉम्प्युटर क्लास चालवणारी एक बाई आणि तिच्या ओळखीचे संत्र्याचे एक बागायतदार बसले होते. बाईच्या हातात शेतीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीची नोटीस होती.

"काय लिवलं त्याच्यात, गजाला?"

"तुमच्या वेबसाइटवरून आमचा लोगो अन् आमच्या स्क्रीनचे फोटो काढा म्हन्ते, वामनकाका. अर्ज करून परवानगी घेतली नाई म्हन्ते. नाईतर कोर्टात खेचू!"

"तू त्यायचं सॉफ्टवेअर चोरलं काय?"

"चोरीन कायले? फवारणीचा दिवस पाहाले कोन्तं बटन दाबा लागते, हे लोकायले इंग्रजीत समजत नाई. म्हून मी स्क्रीनचा फोटो टाकला अन् खाली मराठीत लिवलं. त्यायचंच गिऱ्हाईक वाढवून राहिली होती मी, फुकट!"

"कोन्ता फोटो टाकला?"

"उघडल्याबरोबर येते तो. टोपी घालून संत्र्याच्या झाडाखाली तुमी उभे आहा, तो."

"मी? त्यायच्या सॉफ्टवेअरमंदी?"

"मले वाटलं, त्यायनं तुमाले विचारून टाकला असन."

"कायचं विचारते! कंपनीवाले बागेत आले, पोटभर संत्री खाल्ली, 'आजोबा, हसा' म्हनले. मी हासलो."

"मंग आता काय उत्तर देऊ त्यायले?"

"लिव, चित्रातल्या मानसानं मले परवानगी देल्ली. खाली मी सही करतो."

"अन् कंपनीले देल्ली काय?"

"तिनं अर्ज कुठी केला अजून?"